चुकीच्या पिशवीतला कागद

घर भाड्यानं देताना मालक लोक काय काय विचारतात, याचा मला दांडगा अनुभव आहे. मटण करता का, पाहुणे किती येतात, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मूल का नाही. बेंगळुरात आल्यावर सात घरांत आम्हाला हेच विचारलं गेलं. सातव्या घरातून बाहेर पडताना मी नवऱ्याला म्हटलं, चला निपाणीला परत, तिथं निदान ओळखीची माणसं तरी हे विचारतात. आठवं घर मल्लेश्वरमचं. एक म्हातारा पायरीवर बसून दुधाची रिकामी पिशवी धुवत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "कचरा किती डब्यांत ठेवता?"

"एका," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"मग घर नाही मिळायचं."

माझे पाय दुखत होते. मी म्हटलं, "तीन ठेवते, चार ठेवते, तुम्ही म्हणाल तितके ठेवते, पण मला नववं घर बघायला लावू नका."

ते हसले नाहीत. पिशवी झटकली, दोरीवर चिमट्यानं अडकवली आणि म्हणाले, "तीन पुरे." आणि किल्ली दिली. आमचं गाव, आमची जात, आमचं पोट, कशाचीच चौकशी नाही. त्या दिवशी मला वाटलं, काय साधा माणूस भेटला. माझी माणसांची पारख ही अशी.

त्यांना अख्खी गल्ली अण्णा म्हणायची, मीही म्हणायला लागले. तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं की कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी मला ‘अम्मा’ म्हणायचे. इकडं चार वर्षांच्या पोरीलाही अम्मा म्हणतात, तेव्हा मीही मनावर घेतलं नाही. अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आम्ही आनेकलच्या बाजूला फ्लॅट घेतला, नवऱ्याची फॅक्टरी जवळ पडते म्हणून. नाताळ झाला की इथल्या सोसायटीच्या गेटाशी चकाकते कागद, केकचे डबे, थर्माकोल, सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबलेलं दिसतं. मी बघते आणि पुढं जाते.

चाळीस वर्षं अण्णा एका छापखान्यात बाइंडिंगला होते. बोटांच्या शेवटच्या पेरांवर खळ आणि कागद यांनी मिळून काहीतरी कायमचं करून ठेवलेलं. कागद हातात आला की ते त्याच्याकडं बघायचे नाहीत, अंगठ्यानं चोळायचे. त्यांची एक परीक्षा होती. कागद मुठीत घ्यायचा, चुरगळायचा आणि मूठ उघडायची. "गप्प पडून राहिला तर कागद. आपला आपण उघडला तर कागदाचं सोंग. आत प्लास्टिक." नाताळात भेटवस्तूंना गुंडाळतात ते झगझगीत कागद बहुतेक सोंगच निघायचे. ते कागदाच्या गठ्ठ्यात गेले तर सगळा गठ्ठा वाया जातो, असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू घरातलंच कुणी वाया जाणार आहे. मी एकदा खोचकपणे विचारलं, "माणसांचंही असंच असतं का हो अण्णा?"

"माणसांचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी बाइंडिंगला होतो."

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकायचा नाही, नुसता चिरायचा, असा त्या घरात नियम होता. कापलेला तुकडा नखाएवढा असतो, तो कुणाच्या हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. केकच्या डब्यावर तुपाचा डाग असेल तर तेवढा भाग फाडून ओल्यात, बाकीचा पुठ्ठा सुक्यात. ओला, सुका आणि तिसरा रिजेक्ट, म्हणजे जो कशातच मोडत नाही आणि कुणाच्याच कामाचा नाही तो. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि सुतळीला बांधलेली एक लाल पेन्सिल आणून दिली. "मागच्या दाराला अडकव," म्हणाले आणि शेजारच्या आंब्याकडं बघत राहिले.

"कशाला अण्णा?"

"बायकांचं असतं ते." अजून नजर आंब्यावरच. "कागदात गुंडाळायचं, वर लाल फुली मारायची. गाडीवरच्या अक्काला उघडून बघायला लागू नये." एवढं बोलून ते इतके दमले की दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. गाडीवरची ती अक्का, म्हणजे कचरा न्यायला येणारी बाई, त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी तरी लहान असेल. पण तिला ते अक्काच म्हणायचे आणि सकाळी पावणेसातला गाडीचं गाणं ऐकू आलं की शर्टाची बटणं लावून गेटाशी उभे राहायचे.

भांडण व्हायचंच होतं, ते झालं. मी बसवनगुडीत एका शाळेच्या ऑफिसात आहे. दिवसभर पालकांची बोलणी खायची, संध्याकाळी मेट्रोत लोंबकळत यायचं. नवरा पहाटे साडेपाचच्या कंपनीच्या बसनं गेलेला. अशा एका संध्याकाळी घरी आले तर सकाळी बाहेर ठेवलेली माझीच सुक्या कचऱ्याची पिशवी दाराच्या कडीला टांगलेली. आत सांबाराची रिकामी प्लास्टिकची डबी आणि वर चिठ्ठी. चिठ्ठीत एकच शब्द: ‘धुणे’. माझं डोकं फिरलं. तशीच खाली गेले.

"अण्णा, मी भाडं घरात राहायला देते की भांडी घासायला? दुकानातल्या प्लास्टिकलाही आता अंघोळ घालू का मी?"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सरी," म्हणाले, म्हणजे बरं. माझ्या हातातून पिशवी घेतली, नळाशी बसले आणि ती डबी स्वतः धुतली. आतून, बाहेरून, झाकणाच्या खाचेतून. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवसापासून मी धुवायला लागले. कुणाला वाटेल मी सुधारले. छे. मी दमले. दमलेलं माणूस वाद घालण्यापेक्षा तीन डबे ठेवतं.

डिसेंबर आला की या माणसाला कापरं भरायचं. गल्लीत घरोघरी पार्सलांचे खोके, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, बेकरीतले प्लम केक. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाली तीन मुलं होती, ती ऑफिसातून एकमेकांना दिलेल्या भेटी घेऊन यायची. खोका एवढा मोठा आणि आत एक कप. अण्णा त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि हात पुढं करायचे, भिक्षेकऱ्यासारखे. खोके चपटे करून घ्यायचे. सेलोटेप नखानं सोलून काढायचे. बंद पडलेली दिव्यांची माळ वेगळी, फुटलेले काचेचे गोळे तीन पदरी कागदात, वर पुन्हा लाल फुली. कागदी चांदण्या लोकांनी दाराला टांगलेल्या असत, त्या उतरायची वाट बघत ते रोज संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारायचे. "अजून लावलीय," असं मला येऊन सांगायचे. मी म्हणायची, "लावू दे की हो, सण आहे त्यांचा."

आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी माझं दार वाजवलं. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. "अम्मा, तुझी स्कूटर आहे न? स्वल्प काम होतं."

शाळेला नाताळची सुट्टी असते, ऑफिसला नसते, नव्या वर्षाच्या प्रवेशाचे फॉर्म तेव्हाच असतात. मी अर्धा दिवस रजा टाकली. का टाकली ते माझं मलाच सांगता येणार नाही. जयमहालच्या रस्त्यानं फ्रेझर टाउनच्या बाजूला गेलो. अण्णा मागं बसलेले. एका बसक्या घरापुढं म्हणाले, "इथं." दाराला पांढरी चांदणी टांगलेली, तीन पायऱ्या, पुढं लोखंडी गेट. अण्णा गेटाबाहेर उभे राहिले. घंटा वाजवली नाही, खाकरले. आतून माझ्याच वयाची एक बाई आली. नाक त्यांचं, कपाळ त्यांचं. हातात तीन पिशव्या.

"टेप काढलीस?" अण्णांनी विचारलं.

"काढली."

"चकाकीचं वेगळं?"

"वेगळं."

"खोके?"

"चपटे केलेत. केकचा तूप लागलेला भाग ओल्यात टाकला."

"मागच्या वर्षी एक कागद चुकीच्या पिशवीत होता."

"हो का?" ती म्हणाली. "बघते यंदा."

बास. एवढंच. अण्णांनी पिशव्या घेतल्या, दोन स्वतः धरल्या, एक माझ्या पायांत ठेवली, आणि आम्ही परत निघालो. मला तर त्या बाईची दया आली. सणाच्या दुसऱ्या दिवशी बाप येतो आणि काय बोलतो, तर एक कागद चुकला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. शब्दाचा फरक नाही. एकदा मी वाटेत बोललेच, "अण्णा, चारशे कागदांतला एक चुकला तर वर्षभर लक्षात ठेवायचा?"

"चूक ती चूक," ते म्हणाले.

बाकीची कथा मला त्या लेकीनंच सांगितली, एका वर्षी अण्णा गल्लीच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग बघायला गेले तेव्हा. गेटाच्या गजांमधून सांगितली. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, मुलगा ख्रिश्चन. अण्णा ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "तुझ्या घरची पायरी मी चढणार नाही." आणि हा माणूस बोललेलं पाळणारा. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तिनं आईला फोन केला: अण्णांना विचार ग, चकाकीचा कागद कशात टाकायचा? आईनं काहीतरी उलटंसुलटं सांगायला सुरुवात केली. अण्णांना ते ऐकवेना. त्यांनी फोन हिसकावून घेतला आणि पाऊण तास बोलले. शेवटी म्हणाले, तुला नाही जमायचं, आणि तुमच्याकडच्या गाडीवर माझा भरवसा नाही, मी येऊन नेतो.

"मला माहीत होतं कशात टाकायचा," ती मला म्हणाली. "त्यांचीच मुलगी आहे मी."

पुढं आई वारली. दिवस करायला ती माहेरी आली, तेव्हा तिचा नवरा मल्लेश्वरमच्या गेटाबाहेर उभा राहिला आणि अण्णांनी त्याला आत या म्हटलं नाही. तिनं दिवस पुरे केले आणि जाताना सांगितलं, जिथं माझा माणूस रस्त्यावर उभा राहतो त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. खाण तशी माती. बाप इकडं येईना, लेक तिकडं जाईना, आणि वर्षातून एकदा दोघांच्या मध्ये कचऱ्याच्या तीन पिशव्या.

त्या पिशव्या घेऊन अण्णा गच्चीवर चटई टाकून बसायचे. दोन-दोन दिवस. लेकीनं सगळं आधीच वेगळं केलेलं, तरी एकेक कागद काढून, अंगठ्यानं चोळून, चुरगळून बघायचे. मी कपडे वाळत घालायला जायची तेव्हा मला सांगायचे. "नातीला यंदा बूट घेतले. तीन नंबर. पाय वाढला." किंवा, "रंगांचा डबा मोठा आणलाय. चित्रं काढते वाटतं." नातीला त्यांनी कधी जवळून बघितलेलं नव्हतं, पण तिच्या पायाचं माप त्यांना खोक्यावरून पाठ होतं. मी ‘हं हं’ करायची आणि चिमटे लावायची. मला खाली जाऊन भाकऱ्या थापायच्या असायच्या. आता वाटतं, दोन मिनिटं चटईवर बसले असते तर काय झालं असतं. पण तेव्हा नाही बसले.

आमचं त्या घरातलं शेवटून दुसरं वर्ष. डिसेंबरात अण्णांना ताप आला, सरळ छातीत उतरला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. मला म्हणाले, "तू जाऊन आण." मी गेले. लेक गेटाशी आली, माझ्या मागं बघितलं, रिकामी सीट बघितली. मी म्हटलं, ताप आहे, काळजीचं नाही. तिनं पिशव्या दिल्या. "सांभाळून राहायला सांगा, अक्का," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला वाटलं, सणाची दगदग.

पिशव्या मी पोर्चमध्ये ठेवल्या. त्या आठवड्यात शाळेत फॉर्मांची रांग, सासूबाई आलेल्या, नवऱ्याची पाळी बदललेली. शनिवारी सकाळी गाडीचं गाणं वाजलं. सुक्या कचऱ्याचा दिवस होता. अण्णा झोपलेले. मी पिशव्या उघडून वरवर बघितलं: पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळं, तिसऱ्या, रिजेक्टच्या पिशवीत नुसती चकाकी. काय सुरेख वेगळं केलेलं. मी तिन्ही पिशव्या अक्काच्या हातात दिल्या, ज्या त्या जागी. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांच्या शिस्तीत काम केलं, आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी ताप उतरला. मी पेज घेऊन गेले तर उशीला टेकून बसलेले. पहिला प्रश्न, "पिशव्या?"

"दिल्या की. शनिवारीच. सगळं नीट होतं, मी बघितलं."

"रिजेक्टची पण?"

"ती पण."

त्यांनी वाटी घेतली नाही. भिंतीकडं बघत राहिले. मग विचारलं, "तिच्यात साधा कागद होता का?"

"कसला?"

"साधा. पांढरा. चकाकीच्या आत चुरगळून ठेवलेला."

मी म्हटलं, मी आत हात घातला नाही, वरूनच बघितलं. आणि मग त्या माणसानं मला ते सांगितलं, थांबत, खोकत, आंब्याकडं न बघता. त्यांची लेक कधीच चुकत नव्हती. दर वर्षी ती मुद्दाम एक साधा कागद चकाकीच्या पिशवीत टाकायची. तो तिथला नाही हे फक्त अण्णांच्या बोटांना कळणार होतं, दुसऱ्या कुणाला नाही. त्या कागदावर लिहिलेलं असायचं, ‘अण्णा, आत या.’ दर वर्षी तेवढंच. आणि पुढच्या वर्षी गेटाशी उभे राहून अण्णा तिला सांगायचे की एक कागद चुकीच्या पिशवीत होता. म्हणजे, मिळाला. आणि मी बाई त्यांना टोमणे मारत होते.

"मग आधीचे कागद कुठं आहेत?" मी विचारलं.

"वाचला की कागदाच्या गठ्ठ्यात," ते म्हणाले. "कागद आहे, कागदाच्या जागी जायला पाहिजे. ठेवून काय करायचं? पुढच्या वर्षी नवा यायचा."

मला तिथंच बसून रडावंसं वाटलं. मी म्हटलं, "अण्णा, होताच असणार. दर वर्षी असतो तर यंदाही असणार."

"तू बघितलास?"

"नाही."

"मग बोलू नको."

मी म्हटलं, मी तिला फोन करून विचारते. तर हा आजारी माणूस खाटेवरून अर्धा उठला. "फोन करायचा नाही. हे फोनवर विचारायचं आहे का? ‘यंदा मला बोलावलं होतंस का’, असं?" मला शपथ घातली. आता याला काय म्हणावं? सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. मी चिडले, आणि चिडून गप्प बसले, कारण चूक माझी होती.

खरं तर त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की लेकीनं यंदाही बोलावलं की बोलावणं सोडून दिलं. नऊ वर्षं ते गेले नाहीत, कारण बोलावणं येत होतं. आज नाही तर पुढच्या वर्षी, असं ते चालत होतं. आता ते आलंय की नाही तेच ठाऊक नाही, आणि पुढचं वर्ष दिसेल असं त्यांच्या छातीच्या आवाजावरून वाटत नव्हतं.

ते हिंडूफिरू लागले, पण माणूस ठिकाणावर नव्हता. गाडीचं गाणं वाजायचं आणि ते उशिरा बाहेर यायचे, बटणं उघडी. संक्रांतीच्या आधीची गोष्ट, अक्कानं मला गेटाशी हाक मारली आणि पिशवी दाखवली. अण्णांच्या सुक्या कचऱ्यात मोसंब्याची सालं आणि चहाचा चोथा. "अम्मा, अण्णांना बरं नाही का?" तिनं कानडीत विचारलं. वीस वर्षं ती त्या दारात येत होती, असं कधी झालं नव्हतं. ती सालं तिनंच वेचून बाजूला काढली.

मला भीती वाटली. मी वर गेले, किल्ली घेतली, खाली आले आणि म्हटलं, "चला अण्णा."

"कुठं?"

"तुम्हाला माहीत आहे कुठं. फोन करायचा नाही म्हणालात, नाही केला. जायचं नाही असं काही म्हणाला नव्हतात."

ते उठले. मग आत जाऊन शर्ट बदलून आले. इस्त्री नव्हती. मागं बसल्यावर त्यांनी माझा खांदा धरला, आधी कधी धरला नव्हता. जयमहालच्या रस्त्यावर गर्दी होती, सिग्नलला उभी राहून मी स्वतःला शिव्या घालत होते. त्या दिवशी पिशवीत हात घालून बघितलं असतं तर होय किंवा नाही, काय ते घरबसल्या कळलं असतं, आणि या म्हाताऱ्याला असं दारात जावं लागलं नसतं.

चांदणी उतरवलेली होती. दाराला आंब्याची पानं लावलेली. म्हणजे ही बाई संक्रांतही करत होती. अण्णा गेटाबाहेर उभे राहिले आणि खाकरले. खाकरणं साधलं नाही, खोकला आला, बराच वेळ थांबेना. ती धावत आली. हात ओले, पदर खोचलेला.

"कचरा तर यांच्याकडं दिला होता, अण्णा," ती म्हणाली.

"मिळाला."

"ताप उतरला?"

"उतरला." त्यांनी गेटाचा वरचा गज धरला. "रिजेक्टच्या पिशवीत यंदा कागद होता का?"

ती बघत राहिली. नऊ वर्षांत त्या कागदाचं नाव दोघांनी कधी तोंडानं घेतलेलं नव्हतं. "तुम्ही बघितलं नाही?"

"पिशवी गेली. मला बघायला मिळाली नाही."

मी स्कूटरपाशी उभी होते आणि मनात म्हणत होते, बाई, हो म्हण. तुझं काय जातं? हो म्हण आणि या माणसाला जगू दे. पण ती त्यांचीच मुलगी होती.

"नव्हता अण्णा," ती म्हणाली. "नऊ वर्षं लिहिलं. यंदाही कागद घेऊन बसले होते. पण हात उचलेना. दमले मी."

अण्णांनी मान हलवली. मला वाटलं, आता वळतील, स्कूटरवर बसतील आणि आम्ही परत जाऊ, आणि मग मला त्यांच्याकडं बघवणार नाही. ते वळले नाहीत. गज धरूनच उभे होते, आणि खळीनं घट्टे पडलेल्या अंगठ्यानं तो चोळत होते, कागद चोळावा तसा.

"सरी," ते म्हणाले. "मग यंदा मी विचारतो. आत येऊ?"

पदरानं हात पुसले, नीट, एकेक बोट. मग तिनं गेटाची कडी काढली.

"चपला पायरीपाशी काढा," ती म्हणाली. "फरशी आत्ताच पुसलीय."